वैजूकाकूंचा वाटा

साखर कारखान्याच्या कॉलनीने वैजयंता खराडे यांना, म्हणजे सगळ्यांच्या वैजूकाकूंना, शाल आणि नारळ द्यायचं ठरवलं. कारण काय, तर त्यांचा वाटा शून्य निघाला.

हा वाटा शेतातला नव्हे, घरातलाही नव्हे. गुन्ह्यातला. काकूंच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या क्वार्टरमधल्या कस्तुरी लोंढेने, वय वर्षं पंधरा, दोन मैत्रिणींना मागे बसवून कुणाची तरी बॅटरीची स्कूटर पळवली होती. कारखान्याच्या गेटजवळच्या वळणावर तिने शिदूतात्यांना उडवलं. तात्या कारखान्याचे जुने वॉचमन, आता ऐंशीच्या घरातले. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं.

सोसायटीचे सेक्रेटरी बातमी घेऊन आले तेव्हा काकू परातीत कणीक मळत होत्या.

"काकू, अख्ख्या ओळीत तुमचं एकटीचं स्वच्छ शून्य! आमचंसुद्धा जरासं पिवळं दिसतंय हो. पोरगी आमच्या जिन्यात बसायची ना संध्याकाळी."

"मग बसू द्यायचं नाही का?" काकू म्हणाल्या.

"तेच तर! उठवायला पाहिजे होतं आधीच. तुम्ही हुशार. तर येत्या रविवारी छोटासा कार्यक्रम करू म्हणतो. शाल, श्रीफळ, दोन शब्द."

"एवढ्या उन्हाळ्यात शाल घेऊन मी काय करू?" असं म्हणून काकूंनी त्यांना वाटेला लावलं. पण दार लावून घेतल्यावर कणकेतले हात तसेच राहिले. शरमेने कानशिलं तापली होती. सेक्रेटरी जे कौतुकाने सांगून गेले, ते काकूंना तोंडात मारल्यासारखं झालं होतं.

वाट्याची ही भानगड मुळात चांगल्या हेतूने सुरू झाली होती, हे आधी सांगायला हवं. पूर्वी मूल चुकलं की सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फुटायचं. 'वाया गेलं कार्टं' म्हटलं की झालं, बाकीचे हात झटकून मोकळे. मग 'मूळशोध' नावाचं यंत्र आलं. शाळेत नाव घातलं की प्रत्येक मुलाच्या मनगटात एक मऊ रबरी कडं बसवायचे. मुलाची नाडी, झोप, घामात उतरणारी ताणाची रसायनं, जवळ कोण आलं, किती वेळ थांबलं, कोणत्या सुरात बोललं, याची नोंद ते कडं ठेवायचं. शब्द नाहीत, फक्त सूर. वर्षानुवर्षांच्या या नोंदींतून यंत्राच्या पोटात त्या मुलाची हुबेहूब प्रतिकृती तयार होई. तशीच दचकणारी, तशीच हट्टी, तशीच भुकेली.

मुलाच्या हातून काही घडलं की यंत्र त्या प्रतिकृतीला तिचं आयुष्य पुन्हा जगायला लावायचं. एकदा नव्हे, हजारो वेळा. आणि दर खेपेला एक माणूस तिच्या आयुष्यातून काढून घ्यायचं. बाप काढला, गुन्हा झाला का? मास्तर काढला, झाला का? आमटी खारट झाली की आपण मनातल्या मनात एकेक जिन्नस वगळून बघतो, मीठ जास्त पडलं की चिंच कमी, तसाच हा प्रकार. ज्याला काढल्यावर गुन्हा टळतो त्याचा वाटा मोठा, पडद्यावर लाल. ज्याला काढून काहीच फरक पडत नाही त्याचा वाटा शून्य.

सुरुवातीला यंत्राने खरोखर कमाल केली. मारकुटे बाप उजेडात आले, वर्गात पोरांचा पाणउतारा करणारे मास्तर उजेडात आले. काकूंनीही तेव्हा वाहवा केली होती. पण माणूस भारी चलाख प्राणी. वाटा कमी व्हावा म्हणून कुणी चांगलं वागायला लागलं नाही. लोकांनी सोपी वाट शोधून काढली. पोरांच्या वाऱ्यालाच उभं राहायचं नाही. जो आयुष्यात नाहीच त्याला यंत्र काढणार कुठून? दुकानांवर पाट्या लागल्या, 'मुलांनी येथे थांबू नये'. बाकं उचलली गेली. रस्त्यात पोरं मारामारी करत असली तरी लोक मान खाली घालून पुढे जायला लागले. शून्य हा मान झाला, लग्नाच्या बायोडेटात लिहायचा.

शिदूतात्या त्या यंत्राला मूळशोध कधीच म्हणाले नाहीत. मूळव्याध म्हणायचे.

काकू लग्न होऊन या कॉलनीत आल्या तेव्हाची गोष्टच वेगळी होती बाई. हंगाम सुरू झाला की कारखान्याचा भोंगा वाजायचा आणि मळीचा तो आंबूस-गोड वास पार अंथरुणापांघरुणात शिरायचा. पाहुणे नाक दाबायचे, कॉलनीवाल्यांना तो गेला की चुकल्यासारखं व्हायचं. दारं दिवसभर उघडी. पोरं कुणाची, कुठे जेवतात, कुठे झोपतात, याचा पत्ता नसायचा आणि काळजीही नसायची. ओळीत एक रीत होती. काही गोडधोड केलं की जे पोर त्या वेळी हजर नसेल त्याचा वाटा काढून ताटलीखाली झाकून फळीवर ठेवायचा. आपलं पोर असो, शेजारचं असो. "कुणाचा वाटा राहिला गं?" असं या टोकाच्या बाईने विचारलं की त्या टोकाहून उत्तर यायचं.

आणि ओरडाही तसाच वाटून मिळायचा. काकूंच्या प्रसादने एकदा कारखान्याच्या गेस्ट हाउसची काच फोडली. शिदूतात्यांनी त्याला कानाला धरून आणलं ते थेट घरी नाही, ओळीतल्या पहिल्या दारापासून. प्रत्येक दारात थांबायचं, "काय केलंस सांग यांना," म्हणायचं, त्या घरातल्या बाईची बोलणी खायची आणि पुढच्या दारात जायचं. शेवटच्या दारापर्यंत पोरगं रडून रडून लालेलाल झालं होतं. शेवटचं दार लोंढेआजीचं, कस्तुरीच्या पणजीचं. तिनेही चार शब्द सुनावले, मग म्हणाली, "बस आता, जेव." प्रसाद तिथेच जेवला, तिथेच झोपला. आता तोच प्रसाद पुण्यात मोठा हुद्देदार झालाय, आणि त्या दिवसाची गोष्ट काढली की अजून कान चोळतो.

त्याच लोंढ्यांची ही कस्तुरी. पणजी कधीच गेली, आणि कस्तुरी पाच वर्षांची असताना तिची आई गेली. बाप बाळू ऊसतोडणीच्या यंत्रावर ऑपरेटर. इथला हंगाम संपला की यंत्राबरोबर कर्नाटकात, तिथून आणखी खाली. पोरगी शाळेतून आली की सरळ काकूंच्या स्वयंपाकघरात. सांज्याची पोळी तिला फार प्रिय, त्यातही करपलेली कड. "काकू, जरा जाळा की," म्हणायची. तिचा वाटा रोज फळीवर असायचा.

मग वाट्याचा कायदा झाला, ज्याचा वाटा निघेल त्याचं नाव सरकारी नोंदीला लागायला लागलं, आणि प्रसादचा फोन आला. "आई, त्या मुलीला घरात घेणं बंद कर. उद्या तिने काही केलं तर तुझं नाव लागेल. मग मृण्मयीला मी तुझ्याकडे कशी पाठवू?" मृण्मयी ही नात. तेव्हा जेमतेम चालायला लागलेली, आणि काकूंचा जीव तिच्यात अडकलेला.

काकूंनी दाराला कडी घातली.

कस्तुरी यायची, दार वाजवायची, जरा थांबून पुन्हा वाजवायची. काकू आत मिक्सर बंद करून, श्वास रोखून बसायच्या. खमंग वास तर दाराखालून जातच असणार, तो कसा अडवायचा? काही दिवसांनी दार वाजायचं थांबलं. शून्य म्हणतात ते हे असं कमावलं होतं.

तर, सेक्रेटरी गेल्यावर काकूंनी डबा भरला आणि दवाखान्यात गेल्या. शिदूतात्या पाय वर टांगून पडले होते.

"आल्या का शून्यवाल्या?" तात्यांनी स्वागत केलं.

"गप बसा. जेवा."

तात्यांनी दोन घास खाल्ले आणि चमचा ठेवून दिला. "वैजाताई, एक सांगू? मला उडीवलं तवा त्या दोघी पळाल्या. ही न्हाई पळाली. माझं डोस्कं मांडीवर घिऊन बसली रस्त्यात. आन् काय म्हनली ठावं हाय?"

"काय?"

"म्हनली, तात्या, वरडा की मला. वरडा. आसं सारखं म्हनत हुती. मी म्हनलं, आगं बाय, माझा पाय मोडलाय, कुठनं वरडू?" तात्यांनी डबा बाजूला सारला. "त्या स्कूटरशी खेळताना मी तिला लई येळा बघितलंतं. एक शिवी हासडली आस्ती तर गुमान घरला गेली आस्ती. पर म्हनलं, कशाला? आपला वाटा लागंल. मान फिरवली. आन् तीच स्कूटर आली मागनं."

काकू पदराने डोळे पुसत राहिल्या. तात्या म्हणाले, "तिला लांबच्या सुधारगृहात धाडनार हैत. आठरा व्हईपत्तूर. तितं गेलेली पोरं परत येत्यात ती वळकू येत न्हाईत. तेवढं बघा काय जमतंय का."

बालमंडळाची सुनावणी जिल्ह्याच्या गावी होती. शेजारी म्हणून काकूंना बोलावणं होतंच. दालनाबाहेर एका खोलीत मूळशोध चालवणारा तंत्रज्ञ बसला होता, अन्वर मुजावर नावाचा, चष्मेवाला तरुण. त्याने अदबीने उठून खुर्ची दिली आणि काकूंना पडदा दाखवला. मध्ये एक ठिपका, ती कस्तुरी. भोवती माणसांची वर्तुळं. बापाचं नारिंगी, त्या दोन मैत्रिणींची लाल, शाळेचं पिवळं. अगदी कडेला एक पांढरं, रिकामं.

"या तुम्ही," मुजावर म्हणाला. "तुम्हाला काढून बघितलं, काहीच फरक पडला नाही. अभिनंदन."

"अहो, इतकी वर्षं मी त्या पोरीच्या आयुष्यात नव्हतेच, तर फरक कसा पडेल?"

मुजावर त्यांच्याकडे वळला. मग चष्मा काढून पुसत म्हणाला, "खरं आहे, काकू. यंत्राचा दोष म्हणाल तर तो हाच. आम्हाला तो पहिल्यापासून ठाऊक आहे. वरपर्यंत लिहूनही झालंय. यंत्र फक्त आहे त्यातून वजा करतं. जो नव्हता, पण असायला हवा होता, त्याला वजा कसं करणार?"

"मग बेरीज येत नाही का त्याला?"

"येते की. कायद्यात बसत नाही, म्हणून कुणी करायला सांगत नाही."

"मी सांगते," काकू म्हणाल्या. "कायद्यासाठी नाही. मला बघायचंय."

त्याने दाराकडे एकदा पाहिलं. करावं असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण करू नये असंही लिहिलेलं नव्हतं. कस्तुरीच्या कड्यात पहिल्या काही वर्षांच्या नोंदी होत्या, काकूंच्या स्वयंपाकघरातल्या. संध्याकाळची वेळ, नाडी संथ, सूर सैल. मुजावरने त्या नोंदी उचलल्या आणि दार बंद झाल्यानंतरच्या वर्षांत तशाच पुढे चालू ठेवल्या. मग त्याने ठिपक्याला पुन्हा जगायला सोडलं.

ठिपका शाळेतून निघाला, ओळीत आला, काकूंच्या दारात शिरला. पुन्हा जगला, पुन्हा शिरला. यंत्र भराभर खेपा करत होतं आणि काकूंना दर खेपेला तो ठिपका आत येताना दिसत होता. कधी उशिरा, कधी रुसून कोपऱ्यात, कधी भांडून बाहेर पडलेला आणि पुन्हा परतलेला. स्कूटरपर्यंत तो क्वचितच पोचला. पोचला तरी बहुतेक वेळा मध्येच माघारी फिरला.

"हा अंदाज आहे, काकू," मुजावर हळूच म्हणाला. "दार उघडं असतं तर नक्की असंच झालं असतं, असं यंत्र म्हणत नाही."

"आणि माझं शून्य?"

त्याने नुसतं बोट दाखवलं. पडद्यावरचं कडेचं वर्तुळ आता ठिपक्याच्या अगदी शेजारी होतं, आणि सगळ्यांत मोठं.

काकू बाहेर आल्या आणि व्हरांड्यात उभं राहून त्यांनी प्रसादला फोन लावला. काही लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता; कस्तुरीला घरी आणायचं म्हणतेय, असं त्यांनी सांगून टाकलं.

"आई, तू असलं काही करणार नाहीस," प्रसाद म्हणाला. "ती तुझ्या घरात राहिली तर मृण्मयीच्या कड्यात तिची नोंद पडेल. शाळावाले आधी ते बघतात. मी पाठवू शकणार नाही तिला. या मेमध्येही नाही आणि पुढच्याही नाही."

मृण्मयी दर वर्षी मे महिनाभर आजीकडे यायची. काकू वर्षभर त्या एका महिन्यावर जगायच्या.

"प्रसाद, तू गेस्ट हाउसची काच फोडलीस तेव्हा कुणाकडे जेवलास रे?"

"आई, तो काळ वेगळा होता."

"काळ वेगळा नव्हता. दारं उघडी होती."

मग तो म्हणाला, "मला माझ्या मुलीचं बघायला हवं, आई." आवाजात राग नव्हता, आणि तो चुकीचं बोलत होता असंही काकूंना म्हणता येईना. पाठवू नकोस बाबा, तुझंही बरोबर आहे, एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दालनात बाळू लोंढे हात जोडून उभा होता. ऊसतोडणीचं यंत्र सोडलं तर नोकरी जाते, पोरीला बरोबर न्यावं तर शिवारात कुठे ठेवणार, असं काहीबाही सांगत होता. कस्तुरी भिंतीशी बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. केवढी उंच झाली होती! अध्यक्षाबाईंनी विचारलं, "हिला सांभाळायला कुणी आहे का? नियमाप्रमाणे ज्यांचा वाटा शून्य आहे अशांकडेच मूल देता येतं." आणि कागदातून मान न काढता त्या पुढे म्हणाल्या, "अर्थात शून्यवाले कधी पुढे येत नाहीत. म्हणूनच ते शून्यवाले."

"मी आहे," काकू म्हणाल्या.

अध्यक्षाबाईंनी आता मान वर केली. "नीट विचार केलाय ना? तुम्हाला कुणी भाग पाडत नाही. आजपासून या मुलीच्या आयुष्यात तुमची नोंद सुरू होईल. पुढे काही घडलं तर तुमचा वाटा लागेल."

"लावा की. मागचाही लावला असता, पण तुमच्या यंत्राला तो दिसत नाही."

भिंतीपाशी कस्तुरीने डोकं वर केलं आणि काकूंकडे टक लावून पाहिलं. त्या नजरेत आनंदबिनंद काही नव्हता. दार वाजवून वाजवून थकलेल्या माणसाची नजर होती ती.

घरी आल्यावर तिने चप्पल उंबऱ्याबाहेरच काढली आणि तिथेच उभी राहिली. काकू म्हणाल्या, "ये गं आत." ती आत आली, पण बसली नाही. काकूंनी पदर खोचला, सांजा परतला, पोळ्या लाटल्या. पहिल्या पोळीची कड तव्यावर जरा जास्तच ठेवली, करपू दिली. ती ताटलीत घालून पुढे केली.

कस्तुरीने हात मागे घेतला. "नगं काकू. तुमचा वाटा लागंल."

"लागू दे."

"मी काय बी करीन. माझा भरवसा न्हाई."

"करशील तेव्हा ओरडेन. चांगली कानाला धरून ओळीच्या पहिल्या दारापासून फिरवेन. उद्या तात्यांकडे जायचंच आहे, ते तर पाय टांगूनच वाट बघतायत ओरडायची. आधी हा तुझा वाटा उचल."

कस्तुरी खाली बसली. आधी तिने करपलेली कड मोडून तोंडात घातली, मग पुढची पोळी खाल्ली, मग आणखी एक. खाता खाता रडायला लागली, आणि रडता रडता खात राहिली. काकूंनीही तिला गप्प केलं नाही. त्याही रडत होत्या, लाटणं हातात धरून.

सगळं आवरल्यावर काकूंनी उरलेल्यातली एक पोळी दुसऱ्या ताटलीत काढली, वर झाकण ठेवलं आणि फळीवर सरकवली.

"ह्यो कुनाचा?" कस्तुरीने विचारलं.

"मृण्मयीचा. माझ्या नातीचा."

"येनार हाय ती?"

"नाही," काकू म्हणाल्या. "यंदा नाही. पुढच्या वर्षीही नाही म्हणाला प्रसाद."

मृण्मयी का येणार नाही, ते कस्तुरीला बरोबर कळलं होतं. तिने हात धुतले, फळीपाशी गेली आणि झाकण जरा तिरकं बसलं होतं ते सारखं केलं. मग खालच्या कप्प्यातली परात काढून तिच्यात पाणी ओतलं आणि झाकलेली ताटली अलगद त्यात नेऊन ठेवली.

"मुंग्या लागत्यात," ती म्हणाली. "लई दिवस ऱ्हायाचा हाय त्यो."